ठिणगीखालचे पाणी : प्लाझ्मा-संस्कारित द्रवांचा इतिहास

प्लाझ्मा-संस्कारित द्रव म्हणजे आयनीभूत वायूचा झोत काही सेकंद ते काही मिनिटे झेललेले पाणी, क्षारद्रावण किंवा पेशी वाढवण्याचे माध्यम. झोत बंद केल्यावर द्रवात डोळ्यांना काहीच वेगळे दिसत नाही. त्याचे रासायनिक रूप मात्र बदललेले असते. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड, नायट्राइट, नायट्रेट आणि इतर काही क्रियाशील घटक साठलेले असतात. असा द्रव कर्करोगाच्या पेशींवर ओतला तर त्यांतल्या अनेक मरतात, हे २०११ पासून अनेक देशांतल्या प्रयोगशाळांत दिसून आले आहे. ही उपचारपद्धती नवी असली तरी तिच्यामागचे रसायन अडीचशे वर्षांपूर्वीपासून थोडे थोडे उलगडत आले आहे. या सगळ्या वाटचालीतून एक गोष्ट ठळक होत गेली. वीज फक्त सुरुवात करून देते, पुढचे काम हवा, पाणी आणि त्या पाण्यात आधीपासून विरघळलेले पदार्थ करतात.

अठराव्या शतकातील प्रयोग

द्रवाजवळच्या हवेत ठिणग्या पाडून द्रवाचे काय होते ते पाहण्याचा प्रयोग इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी १७७० च्या दशकात केला. बंद नळीतल्या हवेत ठिणग्या पाडल्यावर खालचा निळा वनस्पतिरस तांबडा झाला, म्हणजे त्यात आम्ल उतरले. हे आम्ल कार्बन डायऑक्साइडमुळे आले असावे, असा त्यांचा समज झाला. हेन्री कॅव्हेंडिश यांनी हाच प्रश्न पुन्हा हाती घेतला आणि १७८५ मध्ये त्याचे खरे उत्तर दिले. नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या मिश्रणात, पोटॅशच्या द्रावणावर, त्यांनी दीर्घकाळ ठिणग्या पाडल्या. द्रावणात सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, तयार झाला होता. हवेतला नायट्रोजन विजेच्या जोरावर ऑक्सिजनशी जोडला जातो आणि पाण्यात उतरून नायट्रिक आम्ल बनतो, हे त्यातून सिद्ध झाले. आजच्या प्लाझ्मा-संस्कारित द्रवांत जे नायट्राइट आणि नायट्रेट मोजले जातात, त्यांचा उगम याच प्रक्रियेत आहे.

याच प्रयोगात आणखी एक नोंद होती. सगळा नायट्रोजन वापरून झाल्यावरही मूळ नायट्रोजनाच्या १/१२० भागापेक्षा मोठा नसलेला एक बुडबुडा शिल्लक राहिला आणि तो कशानेच जोडला जाईना. रॅले आणि रॅम्झी यांनी १८९४ मध्ये शोधलेला आरगॉन तो हाच. पुढे वैद्यकीय प्लाझ्माचे कित्येक झोत ज्या वायूवर चालू लागले तो वायूही आरगॉनच आहे.

ओझोन, चांदी आणि खत

एकोणिसाव्या शतकात विद्युत् विसर्जनाचे रसायन उद्योगापर्यंत पोहोचले. विजेच्या यंत्राजवळ येणारा तीव्र वास एका वेगळ्या पदार्थाचा आहे, हे क्रिस्टियान शोनबाइन यांनी बासेलमध्ये १८३९-४० च्या सुमारास दाखवले आणि त्या पदार्थाला ओझोन हे नाव दिले. वेर्नर फॉन सीमेन्स यांनी १८५७ मध्ये ओझोन तयार करण्याचे उपकरण बनवले. दोन विद्युत अग्रांमध्ये काचेचा थर ठेवल्यामुळे प्रखर ठिणगी पडण्याऐवजी सौम्य, पसरट विसर्जन होते. ही रचना पिण्याचे पाणी शुद्ध करण्यासाठी जगभर वापरली गेली. वैद्यकीय प्लाझ्माची काही उपकरणे आजही याच तत्त्वावर चालतात.

गुब्किन यांनी १८८७ मध्ये सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणावर धातूचे अग्र न बुडवता विसर्जन घडवले. त्या द्रावणाच्या पृष्ठभागावर चांदी जमा झाली. आयनीभूत वायू स्वतःच अग्राचे काम करतो आणि द्रवाच्या पृष्ठभागावर रासायनिक क्रिया घडवतो, ही गोष्ट त्यातून पुढे आली. कॅव्हेंडिश यांची क्रिया नॉर्वेत क्रिस्टियान बिर्केलँड आणि साम ऐदे यांनी कारखान्याच्या प्रमाणावर नेली. १९०३ मध्ये त्यांनी विद्युत कमानीची पद्धत विकसित केली आणि १९०५ मध्ये नोटोडेन येथे हवा व पाणी यांपासून नायट्रिक आम्ल आणि त्यातून खत बनू लागले. स्वस्त अमोनिया बाजारात आल्यावर ही पद्धत मागे पडली. विसाव्या शतकाच्या मध्यात लिव्हरपूल येथे हिकलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्रवपृष्ठावरच्या विसर्जनाचा पद्धतशीर अभ्यास केला. अशा विसर्जनात पाण्याचे रेणू तुटतात, हायड्रॉक्सिल मूलके बनतात आणि त्यांच्या जोड्या जुळून हायड्रोजन पेरॉक्साइड साठते, हे त्यांच्या कामातून स्पष्ट झाले. एवढे कळूनही त्या काळात या द्रवांचा औषधाशी संबंध कोणी जोडला नाही.

पेशीतील ऑक्सिजनचा अभ्यास

दुसरा प्रवाह जीवरसायनशास्त्राचा होता. हायड्रोजन पेरॉक्साइड लुई झाक तेनार यांनी १८१८ मध्ये तयार केले होते. हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये लोह आणि पेरॉक्साइड एकत्र आल्यावर होणारे प्रखर ऑक्सिडीकरण वर्णिले. फ्रिट्झ हाबर आणि जोसेफ वाइस यांनी १९३४ मध्ये त्यामागे हायड्रॉक्सिल मूलक असल्याचे मांडले. १९५४ मध्ये रेबेका गेर्शमन आणि सहकाऱ्यांनी एक मोठा दुवा जोडला. क्ष-किरणांची इजा आणि जादा ऑक्सिजनची विषबाधा या दोहोंच्या मुळाशी मुक्त मूलकेच आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. किरणोपचाराने कर्करोगाच्या पेशी का मरतात, याचा एक रासायनिक अर्थ त्यामुळे हाती आला.

ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये सुपरऑक्साइड डिस्म्युटेज या एंझाइमाचे कार्य ओळखले. सुपरऑक्साइड निकामी करण्यासाठी पेशी खास एंझाइम बाळगते, याचा अर्थ असे मूलक तिच्यात रोजच तयार होत असते. त्यानंतर क्रियाशील ऑक्सिजन हा पेशीच्या नेहमीच्या जगण्याचा भाग मानला जाऊ लागला. १९८१ मध्ये कार्ल नेथन आणि झॅनविल कोन यांनी पेरॉक्साइड निर्माण करणारे ग्लुकोज ऑक्सिडेज हे एंझाइम सूक्ष्म मण्यांवर बसवून अर्बुदग्रस्त उंदरांना टोचले आणि त्यांचे आयुष्य वाढल्याचे नोंदवले. १९९० मध्ये जोसेफ बेकमन आणि सहकाऱ्यांनी सुपरऑक्साइड व नायट्रिक ऑक्साइड यांच्या संयोगातून पेरॉक्सिनायट्राइट बनते आणि ते पेशीला घातक ठरते, असे दाखवले. पुढे प्लाझ्मा-संस्कारित द्रवात जे जे सापडले त्यातील बहुतेक घटकांची ओळख जीवरसायनशास्त्राला अशी आधीच झालेली होती.

प्लाझ्मा थंड होतो

आयनीभूत वायूला प्लाझ्मा हे नाव अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये दिले. वितळजोडणीच्या कमानीतला प्लाझ्मा हजारो अंश तापलेला असतो. जिवंत ऊतकाजवळ नेण्यासाठी त्याचे थंड रूप लागते. थंड प्लाझ्मात फक्त इलेक्ट्रॉन अतिशय तापलेले असतात, जड अणू-रेणू मात्र खोलीच्या तापमानाच्या आसपास राहतात. असा प्लाझ्मा पूर्वी निर्वात नळीतच सहज मिळत असे आणि द्रव किंवा पेशी निर्वातात ठेवता येत नाहीत. टोकियोच्या सोफिया विद्यापीठात ओकाझाकी, कोगोमा आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये हेलियमच्या साहाय्याने सामान्य वायुदाबाखाली स्थिर आणि सौम्य विसर्जन मिळवले. इथून प्लाझ्मा उघड्या हवेत आणि म्हणून सजीवांजवळ आणणे शक्य झाले.

त्यानंतरचे टप्पे झपाट्याने आले. मुनीर लारूसी यांनी १९९६ मध्ये वायुदाबाखालच्या प्लाझ्माने जंतुनाशनाचे प्रयोग प्रसिद्ध केले. आइंडहोव्हन येथे एव्हा स्टॉफेल्स यांनी २००२ मध्ये ‘प्लाझ्मा सुई’ मांडली. तिच्या हेलियमच्या बारीक झोताने पेशी न भाजता एकमेकींपासून सुटतात, असे दिसले. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातील गटाने २००७ मध्ये त्वचेच्या मेलॅनोमा कर्करोगाच्या पेशींवर प्लाझ्मा वापरला. सौम्य मात्रेने पेशी लगेच फुटल्या नाहीत. त्यांनी काही तासांनी नियोजित पेशीमृत्यूचा मार्ग धरला. त्याच वर्षी टेक्सासमधील कॉर्पस ख्रिस्ती येथे प्लाझ्मा वैद्यकाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली.

या प्रयोगांत झोत थेट पेशींवर पडत होता, त्यामुळे परिणाम नेमका कशाचा हे सांगता येत नव्हते. विद्युत क्षेत्र, अतिनील किरण, विद्युतभारित कण, उष्णता आणि रासायनिक घटक ही सगळीच कारणे एकाच वेळी हजर असत. शिवाय ताटलीतल्या पेशी नेहमी द्रवाच्या थराखाली असतात. म्हणजे प्लाझ्माचा स्पर्श आधी द्रवाला होत होता आणि पेशींपर्यंत पोहोचत होते ते त्या द्रवात बनलेले काहीतरी.

नागोयाचे वळण

ही गुंतागुंत नागोया विद्यापीठात सुटली. तिथे अभियंता मासारू होरी, मेंदूशल्यविशारद मासाआकी मिझुनो, जीवशास्त्रज्ञ हिरोमासा तानाका आणि त्यांचे सहकारी एकत्र काम करत होते. २०११ मध्ये त्यांनी पेशींना प्लाझ्मापासून पूर्ण दूर ठेवले. आरगॉनचा झोत फक्त संवर्धन माध्यमावर धरला आणि मग ते माध्यम पेशींवर ओतले. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या अत्यंत घातक कर्करोगाच्या पेशी त्याने मेल्या. मेंदूतील निरोगी तारकापेशींना त्याच मात्रेत फारशी इजा झाली नाही. मेलेल्या पेशींमध्ये एकेटी या किनेज प्रथिनाची साखळी मंदावलेली आढळली. ही साखळी पेशीला जगत राहण्याचा संदेश देते आणि अनेक कर्करोगांत ती प्रमाणाबाहेर सक्रिय असते.

या प्रयोगाचे दोन परिणाम झाले. पहिला शास्त्रीय होता. वीज, प्रकाश आणि उष्णता वजा केल्यावरही परिणाम उरतो, म्हणजे मुख्य कर्ता रासायनिक आहे, हे ठरले. दुसरा व्यावहारिक होता. प्लाझ्माचा झोत ऊतकात फार खोल जात नाही आणि पोटाच्या पोकळीत सर्वदूर पसरलेल्या कर्करोगावर तो फिरवणे अवघड असते. द्रव मात्र सुईने टोचता येतो आणि पोकळीत सोडता येतो. नागोयाच्या स्त्रीरोग विभागातील उत्सुमी, काजियामा, किक्कावा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगावर हा मार्ग तपासला. केमोथेरपीच्या औषधांना दाद न देणाऱ्या पेशींवरही द्रवाचा परिणाम दिसला आणि उंदरांमधील गाठींची वाढ मंदावली. अंडाशय आणि जठर यांचे कर्करोग पोटाच्या अस्तरावर पसरतात तेव्हा उपचाराचे पर्याय फार थोडे उरतात. २०१७ पर्यंत या दोन्ही प्रकारांवर पोटाच्या पोकळीत द्रव सोडण्याचे प्राणीप्रयोग प्रसिद्ध झाले.

द्रवात काय उरते

परिणाम रासायनिक आहे हे ठरल्यावर रसायनांचा हिशेब सुरू झाला. वायूत तयार होणारे घटक अनेक आहेत, पण त्यांची आयुष्ये सारखी नाहीत. हायड्रॉक्सिल मूलक पाण्यात तयार होताच जवळच्या रेणूशी क्रिया करून संपते. सिंग्लेट ऑक्सिजन पाण्यात काही मायक्रोसेकंद टिकतो. पेरॉक्सिनायट्राइट उदासीन द्रावणात सेकंदाच्या आसपास जगते. तासन्‌तास टिकतात ते तीनच मुख्य घटक : हायड्रोजन पेरॉक्साइड, नायट्राइट आणि नायट्रेट. झोत बंद करून, द्रव बाटलीत भरून, तो पेशींवर ओतेपर्यंत अल्पायुषी घटक उरलेले नसतात. तरीही द्रव काम करतो, तेव्हा उत्तर दीर्घायुषी घटकांतच शोधावे लागते.

सुरुवातीला सगळे श्रेय पेरॉक्साइडला देण्यात आले आणि त्याला आधारही होता. द्रवात कॅटॅलेज हे पेरॉक्साइड मोडणारे एंझाइम घातले की परिणाम बराचसा नाहीसा होई. पण तेवढ्याच पेरॉक्साइडचे साधे द्रावण घेतले तर ते कित्येकदा कमी पडे. २०१६ मध्ये नागोयातील आणि फ्रान्समधील गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की पेरॉक्साइड आणि नायट्राइट एकत्र असतील तर परिणाम त्यांच्या सुट्या परिणामांच्या बेरजेपेक्षा जास्त होतो. त्याची रासायनिक पार्श्वभूमी प्रागमध्ये तयार झाली होती. पेत्र लुकेश आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मोजमापांनी सिद्ध केले की प्लाझ्मा बंद झाल्यावरही आम्लधर्मी पाण्यात पेरॉक्साइड आणि नायट्रस आम्ल यांची क्रिया चालू राहते आणि त्यातून पेरॉक्सिनायट्राइट पुन्हा पुन्हा तयार होत राहते. टिकाऊ घटकांच्या भेटीतून अल्पायुषी आणि प्रखर घटक जन्मतो, असा याचा अर्थ होता.

मूळ द्रव कोणता, यावरही बरेच अवलंबून असते. साध्या पाण्यावर झोत धरला तर ते आम्लधर्मी होते, उभयप्रतिरोधी द्रावण मात्र आपला सामू टिकवून धरते. झोतात ऑक्सिजन मिसळलेला असेल तर मिठाच्या द्रावणातील क्लोराइडपासून हायपोक्लोराइट बनू शकते. संवर्धन माध्यमात पायरुव्हेट असेल तर ते पेरॉक्साइड गिळून टाकते. सिस्टीनसारखी अमिनो आम्लेही क्रियाशील घटक शोषून घेतात. त्यामुळे एकाच यंत्राने, तेवढाच वेळ संस्कारित केलेली दोन माध्यमे अगदी वेगळी वागतात. वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे निष्कर्ष सुरुवातीच्या काळात जुळत नसत त्याचे एक मोठे कारण हेच होते.

कर्करोगाच्या पेशीच का

निरोगी पेशी वाचतात आणि कर्करोगाच्या मरतात, यामागचे कारण शोधण्यातून तीन मुख्य मते पुढे आली. पहिले मत पेशीतल्या समतोलाचे आहे. वेगाने वाढणाऱ्या कर्करोगपेशीत क्रियाशील ऑक्सिजनची पातळी मुळातच वर असते आणि तिची संरक्षणव्यवस्था मर्यादेजवळ काम करत असते. बाहेरून थोडी भर पडली तरी ती मर्यादा ओलांडते. दुसरे मत पेशीपटलाच्या दारांचे आहे. पीटर अॅग्र यांनी शोधलेल्या, पाणी वाहून नेणाऱ्या अॅक्वापोरिन वाहिन्यांपैकी काही वाहिन्या पेरॉक्साइडही आत सोडतात. अनेक कर्करोगपेशींवर अशा वाहिन्या जास्त असतात, याकडे जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातील मायकेल कायदार यांच्या गटाने २०१५ च्या सुमारास लक्ष वेधले. तिसरे मत फ्रायबुर्गचे गेओर्ग बाउअर यांचे आहे. कर्करोगपेशी आपल्या पटलाबाहेर कॅटॅलेजचे कवच बाळगते. पेरॉक्साइड आणि नायट्राइट यांच्या क्रियेतून शेवटी सिंग्लेट ऑक्सिजन बनतो, तो हे कवच निकामी करतो आणि मग पेशीचे स्वतःचेच पेरॉक्साइड तिच्यावर उलटते, अशी त्यांची मांडणी आहे.

चौथा धागा लोहाचा आहे. नागोयातील शिन्या तोयोकुनी यांच्या गटाने फुफ्फुसाच्या आवरणाच्या मेसोथेलिओमा या कर्करोगात संस्कारित द्रवाने फेरोप्टोसिस, म्हणजे लोहाच्या साहाय्याने होणारा पेशीमृत्यू, घडतो असे २०२१ मध्ये दाखवले. फेंटन यांची १८९४ ची क्रिया इथे कर्करोगाच्या पेशीत सापडते. ही मते एकमेकांना पूर्णपणे खोडत नाहीत आणि कर्करोगाच्या प्रकारानुसार त्यांचे वजन बदलते. मात्र निवडीचा दावा काळजीपूर्वक तपासावा लागतो. निरोगी आणि कर्करोगी पेशी वेगवेगळ्या माध्यमांत वाढवल्या असतील तर दिसणारा फरक पेशींचा नसून माध्यमांचा असू शकतो.

शिरेतून देता येईल असा द्रव

संवर्धन माध्यम प्रयोगशाळेसाठी असते, ते रुग्णाच्या शरीरात सोडता येत नाही. म्हणून संशोधक आधीपासून मान्यता असलेल्या द्रवांकडे वळले. या द्रवांचाही इतिहास आहे. लंडनमध्ये सिडनी रिंगर यांनी १८८२-८३ मध्ये बेडकाचे हृदय शरीराबाहेर धडधडते ठेवणारे क्षारद्रावण शोधले. ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचे पाणी वापरले गेल्यामुळे त्यातील कॅल्शियमचे महत्त्व त्यांच्या ध्यानात आले. अमेरिकेत अॅलेक्सिस हार्टमन यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यात सोडियम लॅक्टेट मिसळले. भारतातील रुग्णालयांत ‘आरएल’ म्हणून शिरेतून दिले जाणारे रिंगर लॅक्टेट ते हेच.

२०१६ मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी रिंगर लॅक्टेटवर झोत धरला. संस्कारित द्रवाने कर्करोगपेशी मेल्या आणि उंदरांतील गाठी लहान राहिल्या. घटक एकेक करून तपासल्यावर लॅक्टेट हाच महत्त्वाचा घटक ठरला. पेरॉक्साइड आणि नायट्राइट यांच्या जोडीला लॅक्टेटपासून बनलेली नवी सेंद्रिय संयुगेही परिणामात वाटा उचलत होती. हवा आणि पाणी यांच्यापुरता असलेला हिशेब इथे द्रवातल्या सेंद्रिय रेणूंपर्यंत वाढला. बार्सेलोना येथे क्रिस्टिना कनाल यांच्या गटाने हाडाच्या कर्करोगासाठी आणखी एक दिशा घेतली. जिलेटिन आणि अल्जिनेट यांच्या जेलमध्ये क्रियाशील घटक साठवून, गाठ काढलेल्या जागी ते हळूहळू सुटावेत, हा त्यांचा प्रयत्न आहे.

रुग्णापर्यंतचे अंतर

थेट प्लाझ्माचा रुग्णांवरील वापर द्रवांच्या पुढे गेला आहे. जर्मनीत ग्राइफ्सवाल्ड येथे विकसित झालेल्या आरगॉन झोताच्या उपकरणाला २०१३ मध्ये युरोपात वैद्यकीय वापराची परवानगी मिळाली. ते मुख्यतः न भरणाऱ्या जखमांसाठी आहे. तिथेच हान्स-रॉबर्ट मेटेलमन यांनी डोके व मान यांच्या अतिप्रगत कर्करोगाच्या काही रुग्णांवर झोत वापरला. काहींच्या व्रणांचा संसर्ग, दुर्गंधी आणि वेदना कमी झाल्या, काहींत गाठ तात्पुरती आकसली. अमेरिका आणि इस्राएलमध्ये जेरोम कॅनडी यांच्या उपकरणाची पहिल्या टप्प्याची चाचणी २० रुग्णांवर झाली. तीत शस्त्रक्रियेने गाठ काढल्यानंतर उरलेल्या जागेवर झोत फिरवला गेला. तिचा मुख्य हेतू सुरक्षितता तपासणे हा होता.

द्रवांचा पुरावा अजून प्रामुख्याने पेशी आणि प्राणी यांच्यावरील प्रयोगांचा आहे. पुढच्या अडचणी ठोस आहेत. क्रियाशील घटक साठवणीत कमी होत जातात, म्हणून द्रव अतिशीत तापमानात ठेवावा लागतो किंवा वापराच्या वेळीच बनवावा लागतो. औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये सांगता येते. इथे ती वायू, विद्युतदाब, झोताचे अंतर, संस्काराचा वेळ आणि द्रवाचे आकारमान या सगळ्यांवर ठरते, त्यामुळे यंत्रायंत्रांत समान मोजमाप ठरवणे गरजेचे आहे. ताटलीतल्या एका थराच्या पेशींवर जे घडते ते घट्ट, त्रिमितीय गाठीत घडेलच असे नाही. शिवाय रक्तात आणि तांबड्या पेशींत कॅटॅलेज भरपूर असते, त्यामुळे शिरेतून दिलेले पेरॉक्साइड गाठीपर्यंत पोहोचण्याआधीच संपण्याची शक्यता मोठी आहे. म्हणूनच पोटाची पोकळी, मूत्राशय आणि शस्त्रक्रियेनंतरची जागा अशा बंदिस्त ठिकाणी द्रव वापरण्याकडे संशोधनाचा कल आहे.

या संशोधनातून कर्करोगावर घरगुती पेरॉक्साइड पिण्याला किंवा टोचून घेण्याला कोणताही आधार मिळत नाही. पेरॉक्साइड रक्तात मोडताना ऑक्सिजनचे बुडबुडे बनतात आणि ते रक्तप्रवाह अडवून जीव घेऊ शकतात. प्लाझ्मा-संस्कारित द्रवाचा परिणाम नेमक्या घटकांच्या, नेमक्या प्रमाणांतील मिश्रणातून येतो. ती प्रमाणे ठरवणे, ती टिकवणे आणि माणसांवर ती सुरक्षित व उपयुक्त आहेत हे नियंत्रित चाचण्यांत सिद्ध करणे, हेच या क्षेत्रापुढचे काम आहे.